साक्षीतला श्वास

दोह्यात मी जवळजवळ वीस वर्षं लोकांचे श्वास कापत होते. कोणी कामाचं विचारलं की मी हेच सांगायचे, आणि समोरचा जरा मागे सरकायचा. मग खुलासा करावा लागे. अल मन्सूरात एका जुन्या इमारतीत खाली किराणा दुकान होतं आणि वर आमचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ. लोक येऊन माइकसमोर काहीतरी वाचायचे, मी काचेच्या अलीकडे बसून ते रेकॉर्ड करायचे आणि नंतर साफ करायचे. साफ करायचं म्हणजे गिळलेले आवंढे, ओठांची चटचट, खुर्चीची कुरकुर आणि वाक्यावाक्यांमधले श्वास काढून टाकायचे. आपण बोलताना किती श्वास घेतो ते आपल्याला कळत नाही, कारण कान ते आपोआप गाळतात. माइक गाळत नाही. तुम्ही बँकेला फोन लावता आणि एक गोड आवाजाची बाई एक दाबा, दोन दाबा असं सांगते, ती मध्ये कुठेच श्वास घेत नाही हे कधी जाणवलंय का? तिचे श्वास माझ्यासारख्या कोणीतरी उडवलेले असतात.

मी मूळची नाशिकची. नवरा, अविनाश, दुखानला तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. रविवारी पहाटे गाडी काढून जायचा तो गुरुवारी संध्याकाळी बिन महमूद भागातल्या आमच्या घरी परत. मधले दिवस मला खायला उठत. नाशिकला हौशी नाटकांना मी पार्श्वसंगीत लावत असे, तेवढ्या भांडवलावर स्टुडिओत चिकटले आणि चिकटूनच राहिले. मालक नबील, लेबनॉनचा, फार भला माणूस. सुरू करताना यल्ला आणि संपलं की खलास, एवढंच त्याचं दिग्दर्शन. बाकी सगळं माझ्यावर. यंदा काम सोडलं, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या मुलांनी गळ घातली की एवढ्या वर्षांत गमतीजमती घडल्या असतील त्या लिहा. गमती थोड्या आहेत. त्या आधी सांगून टाकते.

एका कतारी गृहस्थांना आपल्या ससाण्याचा आवाज कायमचा जपून ठेवायचा होता. ससाणा डोळ्यांवर टोपी चढवून तासभर माइकसमोर बसला आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. गृहस्थ म्हणाले, तो ऐकतोय. तीच शांतता घेऊन ते समाधानानं घरी गेले. दुसरी गंमत एसीची. रेकॉर्डिंग करताना काचेपलीकडच्या बूथमधला एसी बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर आवाजात उतरते. दोह्यात राहणाऱ्याच्या कानात एसी चोवीस तास असतो, त्यामुळे तो ऐकू येत नाही. तो बंद झाला की माणसाला अचानक शांतता ऐकू येते, आणि ती पुष्कळांना सोसत नाही. एक चांगला धिप्पाड ऑडिटर कंपनीचा संदेश वाचायला आत गेला आणि मिनिटभरात बाहेर येऊन मला विचारू लागला की आत अजून कोण आहे. मी हसले होते.

आणि एक निरीक्षण. वाचणारा कुठल्याही देशाचा असो, ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ या वाक्याआधी तो हमखास एक जास्तीचा श्वास घेतो. यावरून मी माझा सिद्धांत बनवला होता. जे बोलायला जड जातं त्याच्या आधी माणूस श्वास घेतो. आमच्या कामाचा नियमही त्याला धरूनच आहे. वाक्याच्या आधीचा श्वास त्या वाक्याचाच असतो. वाक्य ज्याचं, श्वास त्याचा. हा नियम मी नव्या मुलींना शिकवायचे.

एकच प्रसंग असा की त्यात मला हसता आलं नाही. एका हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ सांगणारा आवाज एका मल्याळी गृहस्थांचा होता. ते वारल्यावर त्यांची बायको जिने चढून वर आली आणि हिंदीत म्हणाली, “शब्द तर मी लिफ्टमध्ये रोज ऐकते. तुम्ही त्यांचे श्वास काढले असतील ना, ते मला द्या.” ते मी केव्हाच पुसून टाकले होते. तिनं मला दोष दिला नाही, पाणी प्यायली आणि गेली. तेव्हापासून कापलेले श्वास मी पुसले नाहीत, बाजूला ठेवत गेले. नबील म्हणायचा, तू कबरस्तान उघडलं आहेस.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

डर्मट नावाचे एक आयरिश गृहस्थ होते. इथल्या एका शाळेत पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. उंच, किंचित वाकलेले, उन्हानं कायम लाल. बायको पूर्वीच गेलेली, मुलं नव्हती. गावाकडचं घर रिकामं होतं आणि त्यांना आठवड्याभरात तिकडे कायमचं राहायला जायचं होतं. जाण्याआधी त्यांना एक साक्ष रेकॉर्ड करून हवी होती. मला वाटलं चर्चचं काहीतरी असेल. त्यांनी सांगितलं की कोर्टातली साक्ष आहे, सव्वादोनशे वर्षांपूर्वीची.

१७९८ साली आयर्लंडमध्ये इंग्रजांच्या राज्याविरुद्ध बंड झालं होतं. आपल्या सत्तावन्नच्या पुष्कळ आधी. खेड्यातल्या लोकांकडे बंदुका नव्हत्या, म्हणून त्यांनी लांब काठ्यांना लोहारानं घडवलेली पाती बसवली आणि टेकड्यांवर तळ ठोकले. बंड मोडलं. मग धरपकड झाली, खटले झाले, आणि गावोगाव शेजाऱ्यांना उभं करून विचारलं जाऊ लागलं की हा माणूस कोणाचा, राजाचा की बंडवाल्यांचा. डर्मटच्या गावात टॉमस नावाचा लोहार पकडला गेला. पाती त्यानं घडवली आणि तळावरही तोच होता, असा आरोप. त्याच्या शेजारी ऑनर नावाची विधवा राहायची. ही डर्मटची खापरपणजी का अशीच कोणीतरी. तिला कोर्टानं विचारलं, आणि तिनं सांगितलं की त्या दिवशी टॉमस तिच्या स्वयंपाकघरात होता, चुलीवर भांडं टांगायची साखळी दुरुस्त करत होता, आणि तो राजाशी इमान राखणारा माणूस आहे. तरी टॉमसला फाशी झाली.

दोन्ही घरं आजही शेजारी शेजारी उभी आहेत, मध्ये एक दगडी गडगा. टॉमसच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट सांगितली जाते, की ऑनर अडखळली. उत्तर देण्याआधी ती थांबली, कोर्टानं ते पाहिलं, आणि त्या थांबण्यानं आमच्या माणसाचा जीव घेतला. गावात डर्मटच्या घराचं नावच पडलंय, अडखळलेलीचं घर. लहानपणी गडग्यापलीकडची मुलं त्यांना त्याच नावानं हाका मारायची. आता त्या बाजूला ब्रिजिड नावाची एक म्हातारी एकटी राहते, टॉमसच्या वंशातली शेवटची. दोन घरांमध्ये बोलणं नाही.

डर्मटला कोर्टातल्या साक्षीची नक्कल मिळाली होती. त्यात प्रश्न होता, खाली लगेच उत्तर होतं, आणि साक्षीदार थांबली असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ब्रिजिडला दिसत नाही, म्हणून तिला ती ऐकवायची होती. प्रश्न आणि त्याला लागून उत्तर, मध्ये तसूभर जागा नको. मी विचारलं, इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय? त्यावर ते म्हणाले, “शुभा, मी पंचवीस वर्षं परक्या देशात चांगला शेजारी म्हणून काढली. आता माझ्याच गावात परका म्हणून मरायला जायचं नाही मला.” त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही ते वेगळं समजावून सांगायला नको.

साक्ष वाचायला त्यांनी नोरीनला आणलं होतं. ती त्याच भागातली, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स, पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला खणखणीत. डर्मट कोर्टाचे प्रश्न वाचणार आणि नोरीन ऑनरची उत्तरं. दोघं बूथमध्ये टेबलाशी बसले, मी एसी बंद केला आणि हेडफोन चढवले.

पहिलं वाचन छान झालं. घरी जाण्याआधी मी ते एकदा ऐकलं. डर्मट विचारतात, त्या दिवशी तो कुठे होता? मग एक श्वास. मग नोरीन म्हणते, तो माझ्या स्वयंपाकघरात होता. श्वास चांगला मोठा, घशातून घासून आत गेलेला. सगळ्या वाचनात तेवढाच एक. मी मनाशी हसले, कारण माझा सिद्धांत तिथेही लागू पडत होता. तो कापला, जागा मिटवली आणि दिवा मालवून खाली उतरले. दुसऱ्या दिवशी लावून बघते तर श्वास तिथेच. मी जुनी प्रत उघडली असणार असं धरून पुन्हा कापला. मग मूळ रेकॉर्डिंग नीट ऐकलं आणि शंका आली की हा नोरीनचा नसावाच. आवाज तिच्या गळ्यातला वाटत नव्हता. म्हणजे डर्मटचा. प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनीच दम घेतला असेल. दोघांना एकाच खोलीत बसवलं ही माझी चूक, असं म्हणून मी दोघांना परत बोलावलं.

या वेळी डर्मटचे प्रश्न आधी घेतले आणि त्यांना बाहेर माझ्या शेजारी बसवलं. बूथमध्ये एकटी नोरीन. प्रश्न तिला हेडफोनमधून ऐकवायचा आणि तिनं लगेच उत्तर द्यायचं. मी तिला सांगितलं होतं की श्वास प्रश्नाच्या आधीच भरून ठेव. मी काचेतून तिच्याकडे टक लावून पाहत होते. प्रश्न संपला. तिचे ओठ मिटलेले होते, खांदे हलले नाहीत. आणि माझ्या कानात तो श्वास आत गेला. मग तिनं तोंड उघडलं आणि वाक्य बोलली.

मी पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच. नोरीननं हेडफोन सरकवून विचारलं, तू काही म्हणालीस का? मी नाही म्हटलं. तेवढ्यात माझं लक्ष काचेकडे गेलं. माझ्या बाजूचा एसी चालू असतो आणि बूथमध्ये उकाडा, त्यामुळे आतून काचेवर वाफ धरते, त्यात नवल नाही. पण वाफ धरली होती ती एकाच जागी, उभ्या माणसाचं तोंड येईल तिथे. नोरीन त्या जागेपासून लांब, खुर्चीत बसलेली होती. वाफेचा तो डाग बघता बघता विरला, आणि पुन्हा आला नाही. मी डर्मटला दाखवायला वळले, पण ते काचेकडे बघतच नव्हते. त्यांच्या कानालाही हेडफोन होते.

“म्हणजे ती अडखळली,” ते म्हणाले.

मी काय सांगणार? मी माझा नियम सांगितला. वाक्याआधीचा श्वास त्या वाक्याचाच असतो, जी बोलणार तिनंच तो घेतलेला असतो. म्हणजे तो नोरीनचा नसेल, तर नोरीन जिचं वाक्य बोलते आहे तिचा. हे बोलून गेल्यावर मला स्वतःचंच भय वाटलं, पण शब्द तोंडातून निघून गेले होते. डर्मटचा चेहरा लाल असायचा तो उतरून गेला होता. मग ते म्हणाले की हे काढून टाका, कसंही करून काढा. पुढच्या आठवड्यात ते ब्रिजिडच्या दारात उभे राहणार होते, आणि तिच्या घराण्यानं दोन शतकं जे सांगितलं तेच तिला ऐकवायला त्यांना जायचं नव्हतं.

काढणं अवघड नव्हतं, ते तर माझं रोजचं काम. इथे एक गोष्ट सांगायला हवी. श्वास कापला की तिथे भोक पडतं, आणि भोक तसंच ठेवलं तर कानाला ठेच लागते. म्हणून आम्ही कोणी बोलत नसताना त्या खोलीचा नुसता आवाज घेऊन ठेवतो आणि त्याचं ठिगळ लावतो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. मी तसं ठिगळ लावलं, या वेळी श्वास परत आला नाही आणि वाक्य सरळ आलं. प्रश्न, उत्तर, मध्ये काही नाही. आणि ते साफ खोटं वाटायला लागलं. पाठ करून आलेल्या साक्षीदारासारखी नोरीन घाईघाईनं बोलत होती. आवाज तोच, शब्द तेच, मी तिचं एक अक्षर बदललं नव्हतं. तरी कोणत्याही न्यायाधीशानं त्या बाईवर विश्वास ठेवला नसता.

मग मी ठिगळ नुसतं ऐकलं. ती रिकामी खोली नव्हती. हे कसं सांगावं मला कळत नाही. रिकाम्या खोलीचा आवाज मी इतकी वर्षं ऐकत आलेय, आणि कोणीतरी श्वास रोखून उभं असलेल्या खोलीचा आवाज वेगळा असतो. आपण लपाछपीत कपाटाजवळ जातो आणि आत कोणी आहे हे दार न उघडताच कळतं, तसं. मी हेडफोन काढले, बूथचे सगळे दिवे लावले, दार उघडून आत पाहिलं. टेबल, दोन खुर्च्या, माइक. भर दुपार होती आणि खाली किराणा दुकानात कोणीतरी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होतं. त्या हुज्जतीचा मला इतका आधार वाटला की मी उगाच खाली जाऊन कोथिंबीर घेऊन आले.

गुरुवारी अविनाश आला. आमच्याकडे भुताखेतांच्या गप्पांना थारा नाही. तो तर कशालाही आधी गळती समजतो. मी त्याला काही न सांगता तेवढाच भाग ऐकवला. तो म्हणाला, “दुखानला हा आवाज ऐकला तर आम्ही आधी पळतो आणि मग व्हॉल्व्ह शोधतो.” मला हसू आलं, बरं वाटलं. त्यानं अजून एकदा लावायला सांगितला. मग जेवताना मध्येच म्हणाला, “अगं, पण तो श्वास बाहेर कुठे येतो?”

मी पुन्हा ऐकलं. खरंच येत नव्हता. बोलणाऱ्याचा श्वास शब्दांबरोबर बाहेर पडतो, वाक्य त्याच श्वासावर चालतं. हा आत गेला होता आणि आतच राहिला होता. मी आयुष्यभर श्वास कापले, पण आत आलेला बाहेर गेला की नाही हे बघायची गरज मला कधी पडली नव्हती.

डर्मट जाण्याच्या आदल्या दिवशी नोरीन तिचं ड्यूटीचं घड्याळ बूथमध्ये विसरली होती ते न्यायला आली. मी तिला थांबवलं आणि सगळं ऐकवलं, काटछाट न केलेलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. ती नर्सच्या चेहऱ्यानं ऐकत राहिली, आणि हेडफोन उतरवून मला म्हणाली, “हा बोलणारीचा नाही, शुभा. हा ऐकणाऱ्याचा आहे.”

मला समजलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं की हा श्वास ती रोज ऐकते. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर माणसं बसलेली असतात. डॉक्टर दार उघडून बाहेर येतो, आणि तो तोंड उघडायच्या आधी ती माणसं असा श्वास घेतात. डॉक्टर काही म्हणेपर्यंत सोडत नाहीत. कित्येकांना आपण तो धरून ठेवलाय हेही कळत नाही; ती खांद्याला हात लावून सांगते तेव्हा सोडतात.

मी ते कोर्ट डोळ्यांसमोर आणलं. प्रश्न विचारला गेला होता: तो कुठे होता? आणि त्या खोलीत एक माणूस होता ज्याचा जीव पुढच्या वाक्यावर टांगलेला होता. शेजारीण आता काय म्हणणार, आपल्या बाजूनं बोलणार की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. श्वास त्यानं घेतला होता. कोर्टातल्या कोणाला, गावातल्या कोणाला, आणि इतक्या वर्षांनी मला, तो बाईचा वाटला, कारण पुढचं वाक्य बाईचं होतं. मी वीस वर्षं शिकवलेला नियम इथे पार आडवा झाला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की त्या नियमानं एका बाईवर दोनशे वर्षं ठपका ठेवला होता.

संध्याकाळी डर्मट आले. नोरीननं त्यांना सांगितलं, मी पुन्हा ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ते विचारत होते की कशावरून? कशावरूनच नाही, आम्ही म्हटलं. ब्रिजिडनं ऐकलं आणि तिला तो ऑनरचाच श्वास वाटला तर सगळं संपलं, हेही खरं होतं. तिच्या घरच्यांनी सांगितलेलीच गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यापर्यंत पोचवली असती. माझ्याकडे दोन्ही तयार होतं, श्वास काढलेलं आणि श्वास ठेवलेलं. मी त्यांच्यासमोर दोन्ही ठेवलं आणि पहिल्यांदाच ग्राहकाला सल्ला दिला नाही. त्यांनी श्वास ठेवलेलं उचललं.

पंधरा एक दिवस काही कळलं नाही. मी दुसरी कामं करत होते, एका मॉलच्या सूचना, मुलांच्या गोष्टी. पण बूथमधला एसी बंद करायची वेळ आली की हात जरा घुटमळायचा. वाचणारे तक्रार करत नव्हते. फक्त मला त्या खोलीची शांतता नीट वाटत नव्हती. जे काही रेकॉर्ड करावं त्याच्या मागे ती धरून ठेवलेली शांतता असे. नबीलला ऐकवलं तर तो म्हणाला, नवीन माइक आणू, इन्शाल्ला. माइक आला. फरक पडला नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी डर्मटचा फोन आला. ते ब्रिजिडकडे गेले होते. तिनं दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. त्यांनी दारातच उभं राहून ऐकवलं. ऐकून ती म्हणाली, पुन्हा लाव. मग तिसऱ्यांदा. शेवटी म्हातारीनं हात पुढे करून त्यांची बाही चाचपडून धरली आणि म्हणाली, “तुमची बाई अडखळली नाही. हा आमचा माणूस आहे. आणि तो अजून तसाच उभा आहे.”

मग डर्मटनी उरलेलं सांगितलं. नक्कल ऑनरच्या उत्तरापाशी संपते. पुढे न्यायाधीश काय म्हणाले ते कुठे लिहिलेलं नाही, आणि जे म्हणाले असतील ते सगळ्यांना माहीत आहे. ब्रिजिडचं म्हणणं असं की टॉमसनं ते ऐकलंच नाही. त्याचा जीव शेजारणीच्या तोंडाकडे लागलेला होता, तो तिथेच अडकून राहिला. कोर्ट त्याला सोडणार नाही. तेव्हा आता शेजारणीनंच त्याला सगळं संपलं म्हणून सांगायला हवं. ब्रिजिडनं त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की स्टुडिओतल्या त्या दोघींना एवढं करायला सांग.

नोरीनला फोन केला तर ती म्हणाली आत्ताच स्टुडिओत येते. शुक्रवारची सुट्टी असल्यामुळे इमारत सुनी होती. ती घरच्याच कपड्यांत आली होती. वाचायला काही नव्हतंच, तरी सवयीनं टेबलाशी बसली. मी एसी बंद केला, माझ्या बाजूचाही केला. खालच्या दुकानाचा फ्रीज तेवढा गुणगुणत होता, मग तोही थांबला. हेडफोनमध्ये ती शांतता होती, इतके दिवस ओळखीची झालेली, कोणीतरी उभं असलेली.

नोरीन इंग्रजीत बोलली, तिच्या गावाकडच्या हेलात. “टॉमस, झालं. घरी जा.”

काहीच झालं नाही. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता तरी मी हात हलवला नाही. काचेपलीकडे नोरीननं माइक बाजूला सारला. मग तिनं आपल्या उजव्या बाजूला, जिथे कोणी नव्हतं तिथे, जरा वर हात नेला. खांद्याला हात लावतात तितका वर. आणि पुन्हा तेच सांगितलं, या वेळी हळू, कामावर असल्यासारखं.

श्वास सुटला. लांबलचक, थरथरत, मध्ये दोनदा अडकून, माणूस रडायच्या आधी सोडतो तसा. हेडफोनमध्ये ऐकला की नुसत्या कानांनी, आता सांगता येत नाही, कारण नोरीनच्या कानांना काहीच नव्हतं आणि ती मान वर करून त्याच दिशेला बघत होती. तो संपत आला, विरळ होत गेला, आणि संपला.

मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. नोरीन उठली नाही, मीही एसी लावायला उठले नाही. कितीतरी वेळ त्या उकाड्यात आम्ही काचेच्या दोन बाजूंना बसून राहिलो. खोलीत आता आम्ही दोघीच होतो.